दीड सेकंद

कुठल्याही लग्नात, मुंजीत, बारशात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्हीच लिहिता ना ती सिरियल? मग सांगा की, ती सून शेवटी घर सोडून जाते का?" मी सांगतो, मला माहीत नाही. लोकांना वाटतं हा भाव खातोय. अहो, पण खरंच माहीत नसतं! गुरुवारी आकडे येतात, त्यावर ठरतं. आकडे बरे आले तर ती दोन आठवडे उंबऱ्यातच उभी राहील, पडले तर सोमवारच्या भागातच बॅग भरेल.

गेली बावीस-तेवीस वर्षं मी हेच करतोय. रोजच्या मराठी मालिकांचे संवाद लिहितो. आमच्या सोसायटीत काही जणांना अजूनही वाटतं की नट मंडळी उभी राहतात आणि मनानेच बोलतात. असो.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण आमची भाची. (नाव लिहीत नाही, ओरडेल.) वय वर्षं सव्वीस, हिंजवडीला चांगली नोकरी, आणि रविवारी मैत्रिणींना जमवून रील्स करते. सासू, शेजारीण, गावाकडची आत्या, सगळ्यांच्या नकला. बऱ्यापैकी लोक बघतात. ते बघून एका निर्मात्याच्या ऑफिसातून तिला फोन आला, की आमच्याकडे रोजच्या मालिकेसाठी लिहिशील का. बाईसाहेब नोकरी सोडायला निघाल्या. मग ताईचा मला फोन. "तू मामा आहेस, तूच सांग तिला. तुझं काय झालं ते सांग."

तुझं काय झालं! जसं काही मला कावीळच झाली होती.

पण ताईचंही बरोबर आहे म्हणा. तिने माझी ती वर्षं जवळून पाहिलीयेत. तेव्हा भाचीला जे सांगितलं, आणि फोनवर जे सांगता आलं नाही, ते दोन्ही इथे लिहून टाकतो.

मी मिरजेचा. कॉलेज पुण्याला. तिथे अभ्यास कमी आणि एकांकिका जास्त. पुरुषोत्तम करंडक ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको, भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा' ऐकला की पुढची दोन-तीन वर्षं माणूस कामातून गेला. पण एकांकिका लिहून पोट भरत नाही हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. आमच्या पिढीचं नशीब एवढंच, की १९९९ मधे अल्फा मराठी सुरू झालं आणि २००० मधे ई टीव्ही मराठी. त्याआधी मराठीत लिहिणाऱ्याला दूरदर्शन होतं, आणि तिथल्या मालिका बहुतेक तेरा भागांच्या. तेरा भाग संपले की पुन्हा घरी. 'आभाळमाया', 'चार दिवस सासूचे' वगैरे आल्यावर एकदम रोज, वर्षभर, वर्षानुवर्षं लिहिणारी माणसं लागायला लागली. एवढी माणसं आणणार कुठून? मग एकांकिकावाल्यांकडे नजर गेली. म्हणजे आमच्या अंगात काही फार मोठं होतं म्हणून आम्ही या धंद्यात आलो असं नाही, दार उघडलं तेव्हा आम्ही दारात उभे होतो.

२००३ मधे मी डोंबिवलीला एका खोलीत चौथा म्हणून राहायला आलो. एका नावाजलेल्या लेखकाकडे 'मदतनीस' म्हणून लागलो. मदतनीस म्हणजे काय, तर तो वनलाइन द्यायचा, म्हणजे कुठल्या सीनमधे काय घडतं ते एकेका ओळीत, आणि संवाद मी लिहायचे. भागाला तीनशे रुपये, रोख. नाव त्याचं. असे मी एकशे चाळीस भाग लिहिले. मोजलेत, कारण वही ठेवली होती.

त्या माणसाबद्दल माझ्या मनात आज राग आहे का? थोडा आहे. पण त्याने जे शिकवलं ते कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नसतं. पहिल्याच आठवड्यात माझा एक सीन परत दिला. छान भावनिक होता, मी खूश होतो. तो म्हणाला, "ही बाई स्वयंपाकघरात आली कशाला?" मी म्हटलं, बोलायला. "बोलायला कुणी येत नाही. ती पाणी प्यायला येते, डबा शोधायला येते, गॅस बंद आहे का बघायला येते. आणि मग बोलते." हे एक वाक्य मी आजवर किती हजार सीन्समधे वापरलं असेल!

पहिलं नाव लागलं २००६ मधे. संवाद, आणि पुढे माझं नाव. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं असतात, बहुतेकदा तीन वेगळी माणसं. त्यातलं तिसरं आपलं. पडद्यावर दीड सेकंद. तेव्हा महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं, आणि मिरजेत नेमके मालिकेच्या वेळेला दिवे जायचे. आई-बाबा पहिले चार दिवस अंधारात बसले. पाचव्या दिवशी सांगलीला मावशीकडे गेले, तिच्या भागातले दिवे वेगळ्या वेळी जायचे. रात्री बाबांचा फोन आला. बाबा एस.टी.त होते, मिरज डेपोला, कौतुक वगैरे करण्याची पद्धत नाही. म्हणाले, "आडनावाची वेलांटी चुकवलीय त्यांनी. सांग त्यांना."

दीड सेकंदात वेलांटी दिसली त्यांना. किती एकटक बघत असतील!

आता पैशाचं. ताईला खरी काळजी ह्याचीच आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळल्या तर बावीस-एक मिनिटं उरतात. दहा-बारा सीन. आठवड्याला सहा भाग, महिन्याला पंचवीस-सव्वीस. पैसे भागावर मिळतात, त्यामुळे मालिका चालू असेल तेव्हा हातात बरे येतात. पण ते येतात भाग दाखवल्यावर नव्वद दिवसांनी, टी.डी.एस. कापून. आणि मालिका बंद होते ती आठ दिवसांच्या निरोपावर. गुरुवारी आकडे पडतात, शुक्रवारी मीटिंग, सोमवारी फोन, "सर, गुंडाळूया." मग घटस्फोट, हरवलेला मुलगा, मृत्युपत्र, सगळं सहा भागांत निपटायचं. त्यानंतर आपण घरी. माझा सगळ्यात मोठा रिकामा काळ अकरा महिन्यांचा होता. त्या अकरा महिन्यांत घर चाललं ते बायकोच्या पोस्टातल्या नोकरीवर. माझं तर स्पष्ट मत आहे, मराठी करमणुकीचा हा सगळा डोलारा नवरा-बायकोतल्या एकाच्या पक्क्या नोकरीवर उभा आहे. पुरस्कार सोहळ्यात आईवडिलांचे, गुरूंचे, चॅनलचे आभार मानतात. पोस्ट, एल.आय.सी. आणि जिल्हा परिषदेचेही एकदा मानायला पाहिजेत.

भाचीने विचारलं, "पण मामा, कंटाळा नाही येत? तेच ते?"

तेच ते नसतं, हीच तर गंमत आहे. बाहेरून तेच ते दिसतं. आतून रोज नवं कोडं असतं. आजी करणाऱ्या बाई नाटकाच्या दौऱ्यावर निघाल्या की आजीला काशीला पाठवा. हिरोला डेंग्यू झाला, त्याला कंपनीच्या कामाला दुबईला धाडा. हॉलचा सेट दुरुस्तीला काढलाय, तर चार दिवस सगळं भांडण अंगणात.

आणि करोनाचं विचारूच नका. १९ मार्च २०२० ला मुंबईतली शूटिंग थांबली. पुन्हा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा सरकारी नियम आला, की पासष्टच्या वरच्या कुणाला सेटवर यायचं नाही. आता तुम्ही मला सांगा, मराठी मालिका, आणि आजी-आजोबा नाहीत? कुणाचे आजोबा गावाला अडकले, कुणाची आजी व्हिडिओ कॉलवर आली, तीही दोन भागांआड. ऑगस्टमधे उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. आमच्या आजी करणाऱ्या बाई सेटवर परत आल्या त्या दिवशी मी मुद्दाम त्यांना सलग साडेतीन पानांचा सीन दिला. त्यांनी तो एका टेकमधे केला. पाच महिने एकही पैसा न मिळालेलं ते माणूस होतं, आणि कुणी तरी कागदावर लिहून ठरवलं होतं की आता तुमचं वय झालं. शूटिंग संपल्यावर त्यांनी मला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "पाठांतर अजून आहे हो माझं."

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मधे, पुन्हा महाराष्ट्रात शूटिंग बंद. मग बऱ्याच मालिका बिऱ्हाडासकट गोव्याला गेल्या. आमचीही गेली. ठाण्याच्या वाड्यात राहणारं आमचं खानदान रातोरात रिसॉर्टमधे! कारण काय द्यायचं? मी घराला वाळवी लावली. वाळवीचा उपचार चालू आहे, तोवर सगळे मामाच्या गोव्यातल्या घरी. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी रद्द केली, तेव्हा वाळवी एका रात्रीत बरी केली. प्रेक्षक हसले असतील, हसू देत. पण त्या दिवसांत युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांची चूल त्या वाळवीवर पेटत होती. लाइटवाले, मेकअपवाले, चहा देणारा पोरगा. ह्याच्याइतकं अभिमानाने मी फार कमी काही लिहिलंय.

तेव्हा ह्या कामाला नावं ठेवणाऱ्यांचं मला फारसं काही वाटत नाही. 'होणार सून मी ह्या घरची' लिहिणाऱ्या मधुगंधा कुलकर्णींनीच 'एलिझाबेथ एकादशी' लिहिला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हात एकच असतो. हां, सगळ्यांच्या हातून तेवढं होतं असं नाही. माझं एक दोन अंकी नाटक २०११ पासून पहिल्या अंकावरच आहे. दिवसाला पंचवीस पानं दुसऱ्यांच्या सासू-सुनांची लिहिल्यावर रात्री स्वतःची एक ओळ लिहायची ताकद राहत नाही. भाचीला हेही सांगितलं. ती म्हणाली, "मग सकाळी लिही ना आधी." सव्वीसाव्या वर्षी असं वाटतं. बरोबरच आहे.

तिने मला करार पाठवला तो वाचला. नऊ पानं. सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, सगळ्या जगात, कायमचे त्यांचे. हे सगळीकडेच असतं, त्याने घाबरायचं कारण नाही, वाचायचं मात्र नीट. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीमुळे रॉयल्टीचा हक्क असा लिहून घेता येत नाही, तो वारस किंवा लेखकांची कॉपीराइट संस्था सोडून कुणालाच देता येत नाही. प्रत्यक्षात मला आजवर त्यातला एक रुपया आलेला नाही, हे वेगळं. पण सातव्या पानावर एक छोटं कलम होतं. नाव देणं न देणं हे निर्मात्याच्या मर्जीवर. म्हणजे माझंच डोंबिवलीचं एकशे चाळीस भागांचं प्रकरण, फक्त आता टाइप करून.

इथे मी मामापण जरा बाजूला ठेवलं. तिला म्हटलं, पैसे कमी दिले तरी एक वेळ चालेल, पण हे कलम खोडल्याशिवाय सही करू नकोस. कायद्यात कलम ५७ आहे, हक्क विकले तरी हे मी लिहिलंय असं म्हणण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घे, अंधेरीला ऑफिस आहे, करारांबाबत सल्ला मिळतो, भांडण झालं तर तिथे समिती आहे. आमच्या वेळीही संस्था होती, फिल्म रायटर्स असोसिएशन नावाने, पण डोंबिवलीच्या खोलीतल्या चौघांपैकी एकालाही तिथे जावं असं सुचलं नव्हतं.

ताईला वाटलं होतं मी पोरीला परावृत्त करीन. मी तिला वाटाघाटी शिकवत बसलो! ताई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

भाचीने त्यांना सांगितलं, नाव पाहिजे. ते म्हणाले, "अगं, पहिली सहा महिने बघू, नंतर देऊ." ती नाही म्हणाली. मला वाटलं, गेलं काम. आठ दिवसांनी त्यांचा फोन, 'संवाद सहाय्य' असं देतो, चालेल? चालेल, म्हणाली. सही केली. नोकरी मात्र अजून सोडलेली नाही, तीन महिने बिनपगारी रजा घेतलीय, आणि तीही ताईने नव्हे, माझ्या बायकोने सुचवली. पोस्टातली अक्कल!

तिचा पहिला भाग लागला त्या दिवशी ताईने टीव्हीचा फोटो काढून पाठवला. धूसर, हललेला, त्यात नाव अर्धंच आलंय. मी झूम करून वेलांट्या तपासल्या. बरोबर आहेत.

बरं, आता उठतो. आमच्या आजीबाईंचा दौरा अचानक रद्द झालाय, त्या उद्या सकाळी नऊला सेटवर हजर होणार आहेत, आणि आजी परवाच काशीला जायला निघालीये. गाडी चुकवायची की पाकीट मारायचं, ते ठरत नाहीये.