माझ्या मोटारीचा आवाज

शाळेच्या वार्षिकांत मोटारीच्या सायलेन्सरवर निबंध पाहून कांहीं पालकांच्या भुवया वर चढतील, हें मी जाणून आहें. अभ्यास, वक्तृत्व, सहल, क्रीडा असे विषय सोडून हें भलतेंच काय? पण ज्या शाळेच्या फाटकावरून मीं चार महिने जातां-येतां कानठळ्या बसविणारी गाडी हांकली, त्याच शाळेचा मी माजी विद्यार्थी आहें. आणि त्या चार महिन्यांचा हिशेब देण्यास याहून योग्य जागा मला दिसत नाहीं.

गाडीचें कूळ प्रथम सांगतों, कारण तें आपल्याच मुलखांतलें आहे. शिरूर तालुक्यांतील रांजणगांव पूर्वीं महागणपतीसाठीं ठाऊक होतें; आतां तें तेथील औद्योगिक वसाहतीसाठींहि ठाऊक झालें आहे. त्या वसाहतींतील फियाटच्या कारखान्यांत पुंटो नांवाची गाडी तयार होत असे. ऑक्टोबर २०१५ मध्यें त्याच गाडीची एक शर्यतीच्या वळणाची आवृत्ति बाजारांत आली. तिचें नांव अबार्थ पुंटो. दिसण्यांत घरगुती, चार माणसांची. पण इंजिन १.४ लिटरचें, टर्बो लावलेलें व १४५ अश्वशक्तीचें. उभ्या जागेवरून ताशीं १०० किलोमीटरचा वेग ती सुमारें ९ सेकंदांत गांठी. पुढें पुंटोचें उत्पादन थांबलें; कारखाना मात्र आजहि दुसऱ्या गाड्या घडवीत आहे. मी त्याच वसाहतींत दुसऱ्या एका ठिकाणीं नोकरीस आहें. कामावर जातां-येतां ज्या गाड्यांकडे मान वळवून पाहिलें, त्यांतली एक कांहीं वर्षांनीं जुनी म्हणून विकावयास निघाली, आणि साठविलेले पैसे मोजून मीं ती दौंडला घरीं आणली.

तिच्या नांवाचा इतिहास मला आधींच तोंडपाठ होता. कार्ल अबार्थ हा १९०८ सालीं व्हिएन्ना शहरीं जन्मला. तरुणपणीं तो मोटारसायकलींच्या शर्यती खेळे. १९३४ मध्यें साइडकार जोडलेली मोटारसायकल घेऊन त्यानें व्हिएन्ना व ओस्टेंड या शहरांच्या दरम्यान ओरिएंट एक्सप्रेस या प्रसिद्ध आगगाडीशीं शर्यत लाविली व तिला हरविलें. (दौंडच्या रेल्वेवाल्या घरांत ही गोष्ट सांगणें सोपें नव्हे. माझ्या वडिलांनीं ती शांतपणें ऐकली व ते एवढेंच म्हणाले, “त्या गाडीला वाटेंत स्टेशनें होतीं.”) पुढें तो इटलींत स्थायिक झाला, कार्लचा कार्लो झाला, आणि १९४९ मध्यें त्यानें आपली कंपनी काढली. शर्यतीच्या गाड्या बांधाव्या हें तिचें ध्येय; परंतु ध्येयानें पगार होत नाहींत. पैसा मिळवून दिला तो सायलेन्सरांनीं. युद्धानंतरच्या इटलींत लोकांपाशीं लहान, बेताच्या ताकदीच्या फियाट गाड्या असत. त्यांस अबार्थचा सायलेन्सर बसविला कीं आवाज भारदस्त होई, शक्तीचीहि थोडी भर पडे, आणि खर्च सामान्य माणसाच्या आवांक्यांत राही. १९७१ सालीं फियाटनें ती कंपनी आपल्यांत सामावून घेतली. यावरून माझ्या मनानें युक्तिवाद रचला तो असा: ज्याचें नांव गाडीवर आहे तो गृहस्थ सायलेन्सरांवरच मोठा झाला, मग त्याच्या गाडीचा सायलेन्सर बदलणें हा दोष कसा होईल? मन एकदां वकिली करूं लागलें म्हणजे पक्षकारास कसलीच काळजी उरत नाहीं.

आतां सायलेन्सर म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. इंजिनांत पेट्रोल जळलें कीं उष्ण वायु मोठ्या दाबानें झडपेंतून बाहेर उसळतो. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर फेऱ्यास असे दोन धक्के येतात. मिनिटास ३००० फेरे झाले तर सेकंदास १०० धक्के. ज्याला आपण गाडीचा स्वर म्हणतों तो हाच. टर्बोच्या गाडींत हा वायु प्रथम एका लहान चक्रावर आदळतो. तें चक्र बाहेरची हवा इंजिनांत कोंबणाऱ्या पंख्यास फिरवितें. म्हणजे टाकाऊ वायूकडून थोडें काम करून घेतलें जातें, आणि आवाजहि तेथेंच कांहींसा मरतो. पुढें लागतो कन्व्हर्टर. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रें असलेली ती एक वीटच असते व तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें इंधन व नायट्रोजनचीं ऑक्साइडें येथें पुष्कळ अंशीं निरुपद्रवी होतात. सर्वांच्या शेवटीं सायलेन्सरची पेटी. तिच्यांत पडदे, भोकें पाडलेल्या नळ्या आणि लहानमोठे कप्पे असतात. ध्वनीची एक लाट कप्प्याच्या भिंतीवरून परत फिरते व मागून येणाऱ्या लाटेस अशा बेतानें भेटते कीं दोघी एकमेकींस गिळून टाकतात. आवाजानेंच आवाज मारण्याची ही विद्या मला आज इंजिनाच्या शक्तीहून अधिक चतुर वाटते.

त्या वेळीं तसें वाटलें नाहीं. एका गॅरेजांत (त्याचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं, काम मींच सांगितलें होतें) कन्व्हर्टर कापला गेला, पेटी निघाली, आणि त्यांच्या जागीं रुंद सरळ नळी व तिच्या टोंकाला नांवापुरता एक चकचकीत डबा आला. गाडी सुरू झाली तेव्हां गॅरेजांतलीं पोरें हातांतलें काम टाकून उभीं राहिलीं. खोटें कशाला बोलूं, माझ्याहि अंगावर कांटा आला.

शक्ति किती वाढली? टर्बोच्या पुढची वाट मोकळी झाली म्हणजे चक्र लवकर गति घेतें, हें शास्त्रास धरून आहे. पण इंजिनाचें इंधन व हवा यांचें प्रमाण ठरविणारा संगणक पूर्वींच्याच हिशेबानें चालत राहिला, तर त्या मोकळ्या वाटेचा लाभ अगदीं थोडा मिळतो. मला जो मिळाला तो माझ्या घड्याळास नीट दाखवितां आला नाहीं. उलट कन्व्हर्टर नाहींसा झाल्यामुळें समोरच्या फळीवरचा पिवळा दिवा पेटला तो विझेना. चौफुला, केडगांव, पारगांव, न्हावरें या रोजच्या वाटेवर एकसारखी घुंई कानांत भरे व कामावर पोंचल्यावरहि अर्धा तास ती जात नसे. तरी मी संतुष्ट होतों. शिरूरच्या बाजारपेठेंत गाडी हळू केली कीं मुलें फोन काढून तिचें चित्रण करीत. एवढ्या मोबदल्यांत माणूस बरेंच सोसतो.

कायदा मला ठाऊक नव्हता असेंहि नाहीं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ बनावटींत असा फेरफार करतां येत नाहीं. आणि ध्वनि व धूर यांचे नियम मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. शाळा व रुग्णालयें यांच्या भोंवतीं १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र मानलें जातें व तेथें दिवसा ५० डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचा आंकडा फसवा असतो: तो तीनच अंकांनीं चढला कीं ध्वनीची ऊर्जा दुप्पट झालेली असते. हें मी शाळेंत शिकलों होतों, व त्याच शाळेवरून गुरगुरत जात होतों.

आमच्या घरीं मात्र या आवाजाचें एक निराळेंच कौतुक झालें. माझे वडील रेल्वेंत फायरमनचे ड्रायव्हर झाले आणि त्याच पदावरून निवृत्त झाले. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, तेव्हांपासून आमचें गांव इंजिनांच्या आवाजावर निजतें व उठतें. वडिलांचें सारें आयुष्य त्या आवाजाच्या पोटांत गेलें. हल्लीं त्यांना कमी ऐकूं येतें. माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा बारीक स्वर त्यांना मुळींच लागत नाहीं. दाराची घंटी नाहीं, आंगणांतल्या चिमण्या नाहींत. पण माझी गाडी त्यांना ऐकूं येई! मी दुसऱ्या पाळीहून मध्यरात्रीं परत येई, आणि गाडी वळणावर आली न आली तोंच वडील फाटक उघडून उभे असत. मला धन्यता वाटे. जो आवाज माझ्या वडिलांस उठवून दारांत आणतो त्याला वाईट कसें म्हणावें?

फेब्रुवारींत त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं कागदावरची रेषा दाखविली; उजवीकडे ती कड्यावरून कोसळल्यासारखी खालीं गेली होती. त्यांनीं समजाविलें तें असें: कानाच्या आंत शंखासारख्या नळींत केसांसारखे तंतु असलेल्या सूक्ष्म पेशी असतात; मोठ्या आवाजानें त्या मरतात व पुन्हां उगवत नाहींत. प्रथम उंच स्वर जातात, म्हणजे मुलांचे, पाखरांचे. खालचे घुमणारे स्वर शेवटपर्यंत राहतात. वडिलांना माझी गाडी कां ऐकूं येत होती, तें मला तेथें कळलें.

त्या रात्रीं जेवतांना मीं त्यांना मोठ्यानें विचारलें, “गाडीच्या आवाजाचा तुम्हांला त्रास होतो काय?” त्यांनीं सरळ उत्तर दिलें नाहीं. कोळशाच्या इंजिनाची गोष्ट काढली.

वाफेच्या इंजिनांत काम झालेली वाफ अरुंद तोटींतून धुराड्यांत सोडतात. तिच्या झोतानें भट्टींतून हवा ओढली जाते व आग फुलते. इंजिनाचा भक्‌-भक् आवाज तो हाच. गाडी हलवितांना वाफ पुष्कळ वेळ आंत सोडावी लागते. पण गाडीनें वेग घेतल्यावर जाणता ड्रायव्हर लीव्हर हळूहळू मागें घेतो. मग वाफ थोडाच वेळ आंत येते व पुढचें काम आपल्या प्रसरणानें करते. आवाज खालीं बसतो. गाडी मात्र तशीच धांवते. “एक ड्रायव्हर होता,” वडील म्हणाले, “तो लीव्हर मागें घेतच नसे. भीमेच्या पुलावर त्याचें इंजिन असलें तरी लोकांना घरांत कळे कीं हा आला. त्याला त्याचा मोठा अभिमान. अर्धी वाफ काम न करतांच धुराड्यांतून जायची, आणि तेवढा कोळसा जास्त लागायचा. आवाज त्याचा, फावडें माझ्या हातांत.” थोडें थांबून त्यांनीं विचारलें, “अरे, तुझ्या गाडींत फायरमन कोण आहे?”

मला उत्तर सुचलें नाहीं. पण त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर शेजारचा मुलगा आठवला. तो दहावींत. महिन्याभरापूर्वीं फाटकापाशीं येऊन त्यानें मला विचारलें होतें, “काका, ह्या आठवड्यांत तुमची पाळी कोणती?” त्याला गाडींत बसावयाचें असेल अशा समजुतीनें मी हंसलों, व रविवारीं फेरी मारूं म्हणालों. तो कांहीं न बोलतां परत गेला. केव्हां निजावें व केव्हां वाचावें, याचें गणित तो बिचारा मांडीत होता.

परीक्षा सुरू होण्यापूर्वीं गाडी पूर्ववत् करावी म्हणून मी त्याच गॅरेजांत गेलों. सायलेन्सरची पेटी कोपऱ्यांत धूळ खात सांपडली. कन्व्हर्टर सांपडला नाहीं. “जुना माल कोण ठेवतो?” असें उत्तर आलें. आंतल्या धातूंचें मोल पाहतां तो कोणीं तरी ठेवलाच असावा. पण सोडतांना मीं स्वतः मागितला नव्हता, तेव्हां भांडण्यास तोंड नव्हतें. नव्या कन्व्हर्टरला पहिल्या सर्व खर्चाच्या दुपटीहून अधिक पैसे पडले. पिवळा दिवा विझला. घरीं परततांना पारगांवच्या पुढें उंसाच्या फडांतून वाऱ्याची सळसळ चालली होती, ती चार महिन्यांत प्रथमच माझ्या कानीं आली.

शेजारच्या मुलाला मीं कांहीं सांगितलें नाहीं. पेपर संपल्यावर एका रविवारीं तो आपण होऊन आला व आम्ही पाटसपर्यंत फेरी मारून आलों. गाडीचा आवाज पूर्वीं चांगला होता असें त्याचें मत पडलें. मुलांचें हें असेंच असतें!

आतां मी रात्रीं येतों तेव्हां फाटक मलाच उघडावें लागतें. दिवसा आलों तर माझी मुलगी गाडी पाहून आंत धांवत जाते, आणि आजोबांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन येते.