लॅपटॉप कुठला घेऊ? आधी पिनकोड सांगा!

'लॅपटॉप घ्यायचाय गं, कुठला घेऊ?' सेल लागला की प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो. मग काय, सल्ल्यांचा पाऊस! कुणी प्रोसेसरची जनरेशन सांगतं, कुणी ग्राफिक्स कार्ड, कुणाला वजनच महत्त्वाचं वाटतं. मी मात्र उलटा प्रश्न विचारते, 'तुझा पिनकोड काय?'

समोरच्याला वाटतं, ही गंमत करतेय. गंमत नाही बॉस, अनुभवाचे बोल आहेत! मी डहाणूला राहते. चर्चगेटची लोकल एप्रिल २०१३पासून थेट डहाणू रोडपर्यंत यायला लागली, २०१४मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला आणि हल्ली तर चिकूच्या वाडीशेजारी बसून लोक मुंबई-पुण्याच्या मीटिंगा अटेंड करतात. थोडक्यात, आपण आता मुंबईचेच, असं आम्हाला वाटतं. लॅपटॉप बिघडला की कळतं, आपण नक्की कुठे राहतो ते.

माझा लॅपटॉप नामांकित कंपनीचा. तीन वर्षांची 'ऑनसाइट' वॉरंटी, म्हणजे इंजिनीअर घरी येऊन दुरुस्ती करणार. तिचे पैसे वेगळे मोजलेले. 'डहाणूला येतील ना?' असं दुकानात दोनदा विचारलेलं. 'मॅडम, ऑल इंडिया आहे!' असं छातीठोक उत्तरही मिळालेलं. चौदाव्या महिन्यात, भर पावसाळ्यात चार्जिंग बंद. हेल्पलाइनवर वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर पलीकडून गोड आवाज आला, 'मॅडम, आपका पिनकोड सर्व्हिसेबल नहीं है.'

घ्या! पैसे घेताना पिनकोड चालतो, दुरुस्तीला चालत नाही. मग लॅपटॉप 'जवळच्या' सेंटरला न्यायचा. जवळचं म्हणजे वापी, गाडीने तासाभरावर. पण वापी पडलं गुजरातेत! कंपनीच्या सिस्टीमने माझी केस टाकली अंधेरीला. जाऊन-येऊन अख्खा दिवस. तिथे लॅपटॉप उघडून निदान झालं, 'आत गंज आहे, म्हणजे लिक्विड डॅमेज. वॉरंटीत बसत नाही. मदरबोर्डचे ३८ हजार होतील.'

लॅपटॉपवर पाण्याचा थेंब पडलेला नव्हता. डहाणूची हवा खारी आणि दमट. खिडकीचे गज गंजतात, बाइकचा सायलेन्सर गंजतो, तशी आतली बारीक कनेक्शनंही गंजू शकतात. आता समुद्रकाठी राहणं हा काय गुन्हा आहे?

ऑफिसात लॅपटॉप बंद पडला तर दिवस फुकट जातो. फ्रीलान्सरचा बंद पडला तर पगारच बंद! त्या दिवसांत माझ्या दोन असाइनमेंट दुसऱ्याकडे गेल्या, एक अख्खा लेख मोबाइलवर अंगठ्याने टाइप केला.

पण सेंटरमधून निघताना तोंडी 'नाही' ऐकून आले नाही. नकाराचं कारण जॉबशीटवर लिहून घेतलं, आतल्या भागाचे फोटो घेतले. बिल, वॉरंटीचा कागद आणि फोटो जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाकला. आठवडा गेला, उत्तर नाही. मग १९१५ फिरवला. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतूनही बोलता येतं. ती काही कोर्ट नव्हे, निकाल देत नाही. तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. माझ्या बाबतीत तेवढंच पुरलं. चौथ्या दिवशी कंपनीच्या 'एस्कलेशन डेस्क'वरून फोन आला आणि मदरबोर्ड फुकट बदलून मिळाला. पहिल्या फोनपासून एकूण ४१ दिवस!

नसतं पुरलं तर? पुढची पायरी ग्राहक आयोगाची. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०मध्ये लागू झाला आणि एक झक्कास सोय झाली. तक्रार आता आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, कंपनीच्या शहरात खेटे घालायला नकोत. लॅपटॉपची किंमत पाच लाखांच्या आत असल्यावर फी शून्य, वकील सक्तीचा नाही. २०२५पासून 'ई-जागृती' पोर्टलवर ऑनलाइन तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची. आणि फ्रीलान्सर मंडळी, 'तुम्ही धंद्यासाठी घेतलाय' असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो.

एवढा ताप टाळायला भरवशाचा ब्रँडच का घेऊ नये? जरूर घ्या, पण आकडे ऐका. २००९मध्ये स्क्वेअरट्रेड या अमेरिकन वॉरंटी कंपनीने आपल्याकडच्या ३० हजार लॅपटॉपचा हिशोब मांडला. तीन वर्षांत १००पैकी ३१ लॅपटॉपना काही ना काही झालं, पडण्या-सांडण्यासकट. निव्वळ हार्डवेअरचा बिघाड धरला, तर सगळ्यात चांगल्या ब्रँडचे १००मधले सोळाएक आणि सगळ्यात वाईट ब्रँडचे पंचविसेक. ती मॉडेल्स कधीच इतिहासजमा झाली, पण मुद्दा शिळा झालेला नाही. 'न बिघडणारा ब्रँड' हा प्रकारच नाही. महागडा घेतला की सुटलो? अ‍ॅपलच्या 'बटरफ्लाय' कीबोर्डबद्दल एवढी बोंब झाली की २०१८मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना आणावी लागली.

म्हणून मला तलासरीतल्या एका दादांचा फंडा पटतो. ते तिथे सेवा केंद्र चालवतात. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म. जूनमध्ये त्यांच्या दारात पाड्यापाड्यांवरून आलेल्या पोरांची रांग असते. त्यांचा लॅपटॉप दोन दिवस बंद म्हणजे कुणाची तरी अ‍ॅडमिशन लटकली! ते म्हणतात, 'ताई, दिसायला कसा आहे ते मला नको. मागचं झाकण माझ्या स्क्रूड्रायव्हरने उघडलं पाहिजे.' बॅटरी, रॅम, एसएसडी बदलता येईल असं बिझनेस सीरिजचं मॉडेल ते घेतात. पार्ट हायवेने जाऊन वापीहून आणतात. जुना लॅपटॉप विकत नाहीत, 'स्टेपनी' म्हणून ठेवतात.

तर खरेदीआधी एवढं कराच:

- वॉरंटी 'ऑनसाइट' की 'कॅरी-इन' ते बघा. ऑनसाइट असेल तर तुमच्या पिनकोडला लागू असल्याचं कंपनीकडून मेलवर घ्या. दुकानदाराचा शब्द पुरावा नसतो.
- रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे का, बॅटरी स्क्रूची आहे का, ते विचारा. काही कंपन्या दुरुस्तीचं मॅन्युअल साइटवर ठेवतात, ते चाळा.
- घेतल्याच दिवशी सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख तपासा. ती बिलाच्या आधीची दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या.
- बॅकअप आठवड्याला. दुरुस्तीला गेलेली मशीन कोरी होऊन परत येऊ शकते.

ऑफिसच्या लॅपटॉपला आयटी डिपार्टमेंट असतं. एक फोन केला की कुणीतरी गळ्यात आय-कार्ड अडकवून येतो आणि दुसरं मशीन देऊन जातो. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लॅपटॉपचं आयटी डिपार्टमेंट म्हणजे आपणच. त्यामुळे एक फाइल करा, त्यात बिल, वॉरंटीचा कागद आणि प्रत्येक जॉबशीट ठेवा. माझी फाइल आता चांगली जाडजूड झालीय आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, १९१५!