चाळणीतली लहर

आमच्या गावाचे नाव एकलहरे. नाशिककरांना ते आठवते वीजकेंद्राच्या चिमण्यांमुळे. मी मात्र अलीकडे ते फोडून वाचतो: एक लहर! मुलगी लहरींवर संशोधन करू लागली, तेव्हापासूनची ही सवय.

त्याआधी मी तिच्यावर रागावलो होतो. माझा जन्म गेला बॉयलरपाशी. मुलीनेही इथेच कुठे नोकरी धरावी, संध्याकाळी घरी यावे, एवढीच माझी अपेक्षा. ती अँटेनाचे संशोधन करायला बंगळूरला निघाली, तेव्हा मी म्हणालो, "तांब्याच्या नक्ष्या काढायला एवढं शिकायचं?" ते तिला लागले. दोन दिवाळ्या ती आलीच नाही.

गेल्या दिवाळीत आली. लाडवांचे बेसन चाळता चाळता तिने चाळण उजेडात धरली. "बाबा, खोडद आठवतं?"

आठवत होते. नारायणगावजवळच्या खोडदला डॉ. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण आम्ही ती शाळेत असताना पाहिली होती. तीस तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची. पण पत्र्याऐवजी तारांची जाळी. मला ती काटकसर वाटली होती.

"काटकसर होतीच," ती म्हणाली. "पण भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटरची. लहरीला ती सलग भिंतच वाटते. वारा मात्र आरपार जातो."

मग तिने जगदीशचंद्र बोसांची गोष्ट सांगितली. १८९८ साली त्यांनी पिळलेल्या तागाचे जुडगे विद्युत्‌लहरींच्या वाटेत ठेवले. उजव्या पिळाने लहरीच्या कंपनाची दिशा एकीकडे वळली, डाव्याने दुसरीकडे. ताग तोच, पीळ निराळा! आज मेटामटेरियल म्हणतात ते याच जातीचे: लहरीहून लहान नक्षी नेमाने मांडायची, मग गुण धातूपेक्षा मांडणीचा अधिक. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी, म्हणून तिच्यासाठी नक्षी नॅनोमीटरांत कोरावी लागते. मोरपिसाचा निळा रंगही अशा सूक्ष्म रचनेतूनच येतो.

मी गप्प होतो. तिचे लक्ष दारावरच्या तोरणाकडे गेले. तिच्या आईने क्रोशाने विणलेले. ती जाऊन आता सहा वर्षे झाली.

"आईपण हेच करायची की. दोरा एकच, वीण निराळी."

आईला मी कधी विचारले नव्हते, एवढे काय विणतेस म्हणून. चष्मा लावून मी म्हणालो, "तुझी ती नक्षी आणली आहेस का?"

तिने पर्समधून तळहाताएवढी हिरवी पट्टी काढली. तीवर तांब्याचे बारीक चौकोन, ओळीने. मी ती बराच वेळ पाहत बसलो. बेसन चाळायचे राहूनच गेले. त्या दिवाळीत लाडू पाडव्याला वळले गेले, आणि ते आम्ही दोघांनी मिळून वळले.