केसभर अंतर

मराठी माणसाचं बारीक मोजमाप केसापाशी येऊन थांबतं. 'केसालाही धक्का लागू देणार नाही' असं आपण छातीठोक सांगतो, पण केस म्हणजे नेमका किती, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरात ते विचारलं गेलं. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेली आमची कन्या एके सकाळी म्हणाली, "बाबा, एक केस द्या ना. प्रॅक्टिकलला हवाय."

ज्याच्या डोक्यावरची शिल्लक रोज घटते आहे, त्याच्याकडे असं बिनपरतीचं कर्ज मागू नये. पण मुलीपुढे कोणत्या बापाचं चाललंय? दिला!

संध्याकाळी तिने मला सारा प्रकार समजावला. दोन सपाट काचपट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या. एका टोकाला त्या टेकलेल्या, दुसऱ्या टोकाला मध्ये माझा केस. झाली हवेची पाचर तयार. वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड. थोडा उजेड वरच्या काचेच्या खालच्या अंगावरून परततो, थोडा खालच्या काचेवरून. दोन्ही लाटांचा सूर जुळला तर पिवळा पट्टा, बिनसला तर काळा. सूक्ष्मदर्शकातून ते आमच्या जुन्या लेजरच्या रेघांसारखे दिसतात म्हणे.

"आणि काचा टेकतात तिथे?" मी विचारलं.

"तिथे काळोख! खालच्या काचेवरून परतणारी लाट उलटी होऊन येते ना."

अंतर शून्य, तिथे काळोख. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला यात नवं काही नव्हतं. पण स्वयंपाकघर जवळच असल्यामुळे मी गप्प राहिलो.

हिशेब मात्र मला तत्काळ कळला. एका काळ्या पट्ट्यावरून पुढच्यावर गेलं की फट अर्ध्या तरंगलांबीने वाढते. सोडियमची तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर, म्हणजे दर पट्ट्यामागे साधारण २९५ नॅनोमीटरचा ठरलेला हप्ता! २० पट्टे ५ मिलिमीटरमध्ये, तर ५ सेंटिमीटरमध्ये किती? २००. हे तर शुद्ध त्रैराशिक. माझा केस भरला ०.०५९ मिलिमीटर.

हा उद्योग जुनाच. भिंग आणि काच यांच्यामधल्या फटीतली रंगीत कडी न्यूटनने बारकाईने मोजली आणि १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये छापली. तेव्हा तो लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता, म्हणजे जवळजवळ आमच्याच खात्यातला. मात्र उजेड म्हणजे कण, असं त्याचं मत. लाटांवरून त्या कड्यांचा उलगडा थॉमस यंगने १८०१ मध्ये मांडला.

"पण यात पुढे नोकरी काय?" टेबलावरच्या बँकपरीक्षेच्या गाइडकडे पाहत मी मूळ मुद्द्यावर आलो. ते गाइड मीच आणलेलं, अजून कोरं करकरीत.

"हिंगोली जिल्ह्यात लायगोची वेधशाळा व्हायची आहे, बाबा. २०२३ मध्ये मंजुरी मिळालीय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा! तिथेही परतलेल्या लाटाच जुळवून बघायच्या. मला आधी एम.एस्सी. करायचंय."

बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता, की तेवढ्या उजेडात गाइड उघडणं मला शक्यच नव्हतं. ते मी उचललं आणि माळ्यावर टाकलं. हिची आई आतून म्हणाली, "हिंगोली म्हणजे फार लांब नाही ना हो?"

"छे! केसभर," मी म्हणालो आणि एस.टी.चं वेळापत्रक शोधू लागलो.