सगळ्यांना बक्षीस नको

नवी पेठ, सोलापूर

चि. सोनूस,


काल फोन ठेवला खरा, पण तुझं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. तुझ्या पिल्लूच्या वाढदिवसाला इथे आपल्या घरी बैठ्या खेळांचा बेत करतेयस हे ऐकून किती आनंद झाला होता! आणि लगेच म्हणालीस, ‘मावशी, कुणी रडायला नको, म्हणून सगळ्यांना सारखीच बक्षिसं आणते.’ अगं, मग डाव मांडायचाच कशाला?

लिंबूटिंबू आपण कुणाला करायचो? अगदी धाकट्यांना. त्यांच्यावर राज्य नाही, त्यांची सोंगटी मारायची नाही. आठ वर्षांच्या मुलाला लिंबूटिंबू म्हणून बघ, किती लागेल त्याला! सगळ्यांना बक्षीस म्हणजे सगळेच लिंबूटिंबू, आणि मुलांना ते बरोबर कळतं. आजोबांनी तुझी सोंगटी घराच्या तोंडाशी मारली तेव्हा तू केवढी रडली होतीस. आणि डोळे पुसून ‘पुन्हा मांडा’ म्हणत त्यांच्याच मागे लागली होतीस. विसरलीस?

आपल्या मोक्षपटाचं बघ. तो ज्ञानेश्वरांनी रचला, अशी परंपरा आहे. त्यात शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. आणि जुन्या पटांवर बहुधा शिड्या कमी, साप जास्त. घसरायचं हे गृहीतच धरलेलं, आणि घसरल्यावर तिथूनच पुन्हा दान टाकायचं. हाच खेळ इंग्रजांनी नेला आणि मुलांची सापशिडी केली. पचिसीवरून लुडो केला, त्याचं पेटंटही घेतलं. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. देवांच्या डावातही कुणीतरी हरतंच ना!

आता बेत ऐक. गच्चीवर काही नको, मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळीसुद्धा पाय भाजतात. माजघरातली शहाबादी फरशी आहे की! सहा ओळी, प्रत्येकीत सहा फरश्या, म्हणजे ३६ घरं. खडूने आकडे घालू, जुन्या ओढण्यांचे साप, सुतळीच्या शिड्या. सोंगट्या मुलंच. फासा पुठ्ठ्याच्या खोक्याचा कर, पण समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज सात यायला हवी, नीट बघ. बाकीच्यांना चार-चार जणांचा लुडो आणि कॅरम. बोरिक पावडर मात्र मोठ्या माणसाने टाकायची. ‘व्यापार’चा पट आणू नकोस, तो एका संध्याकाळी संपत नाही. आणि केक शेवटी. क्रीमच्या हातांनी पट खराब होतात.

नियम आधीच मोठ्याने सांग. निम्म्या भांडणांचं मूळ तिथेच असतं. सहा पडल्यावर पुन्हा दान की नाही, हे डावाच्या मध्येच ठरवायला गेलं की रडीचा डाव सुरू झालाच.

खरं सांगू? मला काळजी पिल्लूची आहे. दिवाळीत पाहिलं, मोबाइलवर हरायला लागला की डाव बंद करून लगेच नवा सुरू करायचा. समोर माणूस बसलं असताना असं करता येत नाही गं. शाळेत मित्र टिकत नाहीत म्हणतेस, त्याचं कारण हेच तर नसेल? रात्री याच विचाराने झोप लागली नाही. आपण घरात किती दिवस त्याच्या वाटेतले साप उचलणार?

वाढदिवस त्याचा असला तरी वाईट दान पडल्यावर त्याला फासा पुन्हा टाकू देऊ नकोस. रडला तर शेजारी बस, पाठीवर हात ठेव, पण सोंगटी उचलून पुढे ठेवू नकोस. जावईबापूंनाही बजावून ठेव, त्यांना त्याचं रडू बघवत नाही. आणि जिंकणाऱ्याला त्यानेच हाताने बक्षीस द्यावं, एवढं माझं ऐक.

किती मुलं येणार ते कळव, म्हणजे पेठेतून खडू आणि पुठ्ठे आणून ठेवते. लुडोच्या सोंगट्या मोठ्याच आणेन. शेजारचं बाळ सारखं आपल्याकडेच असतं आणि सापडेल ते तोंडात घालतं. त्या दिवशी त्याच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस आत्ताच नेमून ठेव.

तुझी,
मावशी