पेन्सिलीच्या फुल्या

दिवाळी झाली, पाडव्याचे वहीपूजन आटोपले आणि सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीची एक जुनी पेढी आठ दिवसांसाठी मुनीमजींच्या हवाली करून एक कुटुंब हिमाचल प्रदेशाच्या सहलीस निघाले. आजोबा, आजी, थोरला मुलगा, सून, महाविद्यालयात शिकणारी नात आणि दहावीतला नातू. सहलीची आखणी नातीची होती आणि तिने एक संपूर्ण दिवस कांगडा जिल्ह्यातील बीड या गावासाठी राखून ठेवला होता.

मराठी माणसास बीड म्हटले की मराठवाडा आठवतो. हे बीड धौलाधार पर्वतरांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर वसलेले आहे. भोवती चहाचे मळे, पायऱ्यापायऱ्यांची शेते आणि तिबेटी वसाहतीतील मठांची चकाकणारी छपरे. तेथून १४ किलोमीटरचा वळणावळणाचा घाट चढून गेले की सुमारे २,४०० मीटर उंचीवरचे बिलिंग लागते. तेथील गवताळ उतारावरून पॅराग्लायडर झेप घेतात व खाली बीडच्या मैदानात उतरतात. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा येथेच भरली होती.

उडायचे होते मुलगा, नात आणि नातू यांना. सकाळी नोंदणीच्या खोलीत तिघांची वजने झाली, रक्तदाबाची व हृदयविकाराची चौकशी झाली आणि प्रत्येकापुढे एकेक छापील कागद आला. तेवढ्यात बाकावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "एक कागद मलाही द्या."

खोलीत शांतता पसरली. आजींचे वय ६४. घाटातल्या गाडीत डोळे मिटून बसणाऱ्या म्हणून त्या घरात प्रसिद्ध.

"आई, तुझे गुडघे?" मुलाने विचारले.

"मंडईतून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन दोन जिने चढते, तेव्हा कोणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. आजोबांनी वर पाहिले. परंतु ते काही बोलले नाहीत.

मुलाने कागद आईसमोर सरकवला आणि सवयीने सहीच्या जागी बोट ठेवले. "इथे सही कर."

हे बोट आजींच्या फार ओळखीचे होते. पेढीच्या भागीदारीपत्रात त्यांचे नाव ३० वर्षांपासून होते. राहते घर त्यांच्या नावावर होते. भागीदारीचे नूतनीकरण असो, बँकेची कर्जमर्यादा वाढवणे असो, कागद घरी यायचे. जेथे सही हवी तेथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असायची. कणकेचे हात धुऊन, पदराला पुसून त्या फुलीवर सही करायच्या. आधी सासऱ्यांचे बोट, मग यजमानांचे, अलीकडे मुलाचे. त्यात कोणाच्या मनात कपट नव्हते, आणि त्यांच्या मनात शंकाही नव्हती. कागदात काय आहे हे सांगण्याची गरज आहे, असे कोणाला वाटले नव्हते, इतकेच.

त्या दिवशी मात्र त्यांनी पर्समधून चष्मा काढला. कागद इंग्रजीत होता. "बेटा, मला मराठीत सांग," त्या नातीला म्हणाल्या. नातीने एकेक कलम सांगितले. या खेळात धोका आहे हे मला ठाऊक आहे. माझ्या प्रकृतीविषयी दिलेली माहिती खरी आहे. दुखापत झाल्यास मी भरपाई मागणार नाही. आजींनी प्रत्येक कलमापाशी थांबवून प्रश्न विचारले. पायलटला परवाना आहे का? मुख्य छत्री मिटली तर दुसरी असते का? वारा फिरला तर काय करता?

समोर उभ्या असलेल्या पहाडी तरुणाने परवाना दाखवला, आसनाला जोडलेली राखीव छत्री दाखवली आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तर दिले, "तर मग उडत नाही, माताजी. जीपने परत येतो." हे उत्तर ऐकून आजींनी सही केली. खोलीत बसलेल्या माणसांना घाई होती, त्यांना नव्हती.

बिलिंगला पोहोचल्यावर खरोखरच थांबावे लागले. उतारावर रोवलेला वाऱ्याचा कापडी मोजा कधी इकडे, कधी तिकडे वळत होता. दरीतून वर येणारा वारा समोरून मिळाल्याखेरीज छत्री नीट भरत नाही. दहा-बारा पायलट गवतात निवांत बसून होते. गिऱ्हाईक ताटकळले आहे म्हणून कोणी उठला नाही. पावसाळ्यात तर १५ जुलै ते १५ सप्टेंबर येथे उड्डाणेच बंद असतात. ज्यांचे पोट उडण्यावर आहे, तेच न उडण्याचा निर्णय इतक्या सहजपणे घेतात, ही गोष्ट मुलाच्या मनात कोठेतरी रुतली असावी. तो बराच वेळ त्या कापडी मोज्याकडे पाहत होता.

ऊन तापले, वारा स्थिरावला. नातू गेला, नात गेली. मग आजींच्या साडीवरून पायमोळा पायजमा चढला, डोक्यावर शिरस्त्राण आले, पट्टे आवळले गेले. पायलट मागे, प्रवासी पुढे. सूचना एकच होती : धावत राहायचे, मध्येच खाली बसायचे नाही. पाचसहा पावले झाली, सातवे पाऊल जमिनीला लागलेच नाही.

पहिली दोन मिनिटे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा पायांखाली देवदारांचे शेंडे होते. उन्हाने तापलेल्या कड्यांवरून वर चढणारी हवा छत्रीला हळूहळू उचलत होती, आणि त्याच हवेच्या आधाराने जरा अंतरावर एक गिधाड पंखही न हलवता घिरट्या घालत होते. उजवीकडे धौलाधारचे बर्फ. खाली चहाचे मळे हिरव्या सतरंजीसारखे. सुमारे २० मिनिटांनी पायलटने पाय वर उचलायला सांगितले, आणि आजी बीडच्या मैदानातल्या गवतावर अलगद बसत्या झाल्या.

आजोबा मैदानाच्या कडेला उभेच होते. सूनबाईंनी नंतर सांगितले, की त्यांनी तेवढ्या वेळात चहाचा पेला तोंडाला लावला नव्हता.

"भीती नाही वाटली?" त्यांनी विचारले.

"वाटली ना. पण अहो, कशावर सही केली ते माहीत होते."

संध्याकाळी सर्वजण जवळच्या बैजनाथच्या प्राचीन मंदिरात गेले. तेथील शिलालेखांवरून, हे मंदिर १२०४ साली आहुक आणि मन्युक या दोन व्यापाऱ्यांनी बांधले, असे सांगतात. व्यापाऱ्यांची नावे दगडात टिकली, याचे आजोबांना कौतुक वाटले. पायरीवर बसल्यावर आजी मुलाला म्हणाल्या, "शीतगृहाच्या कर्जाचे कागद आले आहेत ना? घरी गेल्यावर मला वाचून दाखव."

मुलाचा चेहरा उतरला. "आई, माझ्यावर विश्वास नाही?"

"त्या पायलटवर विश्वास नसता तर उडाले असते का? विश्वास होता, म्हणून तर विचारले."

यावर कोणी बोलेना. अखेर आजोबाच म्हणाले, "वाच. मीही ऐकेन. आजवर मीसुद्धा सगळे वाचलेले नाही."

सांगलीस परतल्यावर दोन संध्याकाळी हे वाचन झाले. नात वाचायची, मुलगा अर्थ सांगायचा. दुसऱ्या दिवशी एका कलमापाशी तो स्वतःच अडला. घराचे गहाण केवळ शीतगृहाच्या कर्जापुरते नव्हते. पेढीच्या आजच्या आणि पुढे होणाऱ्या प्रत्येक देण्याला ते तारण राहणार होते. बाजार पडला, एखादी मोठी उधारी बुडाली, तर शीतगृहाचा शेवटचा हप्ता फिटूनही घर मोकळे होणार नव्हते. हे मुलाने पूर्वी पाहिलेच नव्हते. त्यालाही कोणीतरी बोट ठेवूनच जागा दाखवल्या होत्या.

तो बँकेत गेला. दोनतीन खेपा झाल्या. शीतगृहाचा एक कक्ष कमी करून कर्जाची रक्कम घटवावी लागली, तेव्हा घराचे तारण त्या एका कर्जापुरते मर्यादित करण्यास बँक तयार झाली. नवे कागद आले. जुन्या सवयीप्रमाणे त्यांवरही पेन्सिलीच्या फुल्या होत्या.

आजींनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. शेजारी बसलेली नात खोडरबराने एकेक फुली पुसत होती.