पंप कोणाकडे होता?

गाडीचा टायर बसला म्हणून तो परवा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेला. टायर ट्यूबलेस, त्यामुळे चाक उतरवायचीही गरज नव्हती. पोराने खिळा उपसला, रबराची चिकट पट्टी सोल्युशनमध्ये घोळवून भोकात खुपसली, बाहेर राहिलेलं शेपूट कापलं. पाच मिनिटांत काम झालं. घमेलं नाही, पाणी नाही, बुडबुडे नाहीत. वास मात्र तोच. आणि तो वास आला की त्याला दाणोली आठवते. त्यात त्या बिचाऱ्या गावाचा काही दोष नाही.

१९८६ची दिवाळी नुकतीच संपली होती. पुण्याहून गोव्याला निघालेले चौघे, बिनगियरच्या चार काळ्या सायकली, कॅरियरला जुन्या ट्यूबने करकचून बांधलेल्या वळकट्या. कात्रजपर्यंत गाणी झाली, खंबाटकीत सगळे उतरून ढकलू लागले. मग सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा. देवळातल्या पथाऱ्यांची वर्णनं पुष्कळांनी केली आहेत, ती इथे नकोत. सामानाची वाटणी चोख होती : एकाकडे स्टोव्ह, एकाकडे डाळ-तांदूळ, एकाकडे पैसे. पंप आणि पंक्चरची पिशवी त्याच्याकडे, कारण चौघांत यंत्रातलं कळतं ते यालाच, अशी ख्याती होती. (ती पसरवलीही यानेच.) सोल्युशनची ट्यूब साताऱ्यालाच पिशवीत फुटली आणि पुढे गोव्यापर्यंत त्याच्या सदऱ्यांना तोच वास येत राहिला.

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. इतके दिवस चढांनी पिंढऱ्या पिळून काढल्यावर समोर नुसता उतार आला, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं नाही. ब्रेकचे रबर तापून करपल्यासारखा वास यायला लागला, तरी नाही. दाणोलीला हॉटेलच्या बाकावर बसून पहिला चहा संपतोय तोवर दोघे येऊन पोचले. चौथा आला नाही. दुसरा चहा झाला, भजी झाली, अंधारून आलं.

दोन तासांनी तो सायकल हाताने धरून, चालत आला.

पंक्चरसुद्धा नव्हतं. जुन्या व्हॉल्व्हवर रबराची एक बारीक नळी असते, ती फाटली की चाकात हवा टिकत नाही. पेरभर तुकडा चढवायचा, हवा भरायची, निघायचं. तो तुकडा आणि पंप, दोन्ही वस्तू खाली बाकावर भजी खात होत्या. मित्राने सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, ‘‘चहा सांग.’’

मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३च्या ऑक्टोबरात सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८मध्ये फेरी पुरी करून परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर. वाळवंटं, जंगलं, सगळं त्यात आलं. हे वाचताना माणसाने थक्क व्हायचं असतं. याला प्रश्न पडला तो वेगळाच : सहाजणांत पंप कोणाकडे होता? आणि तो पुढे असायचा की मागे?

गेली कित्येक वर्षं चौघे जमले की सहलीचा विषय निघतोच. तेव्हा तो मित्र हसत सांगतो, ‘‘मला घाट बघत चालायचं होतं, म्हणून उतरलो.’’ शिवी दिली असती तर एव्हाना फिटलं असतं. त्या मोठेपणाबद्दल याने त्याला अजून माफ केलेलं नाही.

सावंतवाडी, बांदा, म्हापसा करत ते बेतीला पोचले. मांडवीवरचा पूल त्याच जुलैत कोसळला होता. पलीकडे पणजी दिसत होती, पण जायचं ते फेरीबोटीने. बोटीत स्कूटर, टोपल्या, माणसं अशी दाटी. एका पोदेराच्या सायकलचं मागचं चाक बसलं होतं, पावांची टोपली तिरकी झालेली. त्याने या चौघांच्या सायकलींकडे पाहून विचारलं, ‘‘पंप आसा?’’

‘‘आहे,’’ मित्र म्हणाला आणि हनुवटीने दाखवलं. ‘‘ह्याच्याकडे असतो.’’

एवढं एकदाच. याने वळकटी सोडून पंप काढला आणि पणजीचा धक्का लागेपर्यंत मान खाली घालून हवा भरत राहिला. चाक दगडासारखं कडक झालं, तरी.